माळावरची रामनवमी

आमच्या बोळात पहिला उंदीर गोदावरीवहिनींनी पाहिला. पहाटे सडा घालायला त्या दार उघडून बाहेर आल्या, तेव्हा तो उंबऱ्यापाशी माणसाला न भिता, झिंगल्यासारखा गोल गोल फिरत होता. फिरता फिरता तो आडवा झाला. वहिनींनी त्याला केरसुणीसुद्धा लावली नाही. कंदिलातले रॉकेल ओतून जागच्या जागी पेटवून दिला आणि आत येऊन यजमानांना म्हणाल्या, "उठा. गाव सोडायचं."

यजमान म्हणजे आण्णा मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावाने थंड. ते अंथरुणातूनच म्हणाले, "चहा घेऊन, की घ्यायच्या आधी?"

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात तेव्हा प्लेग कोणाला नवा नव्हता. उंदीर पडू लागले की घराला कुलूप लावायचे, भांडीकुंडी गाडीत घालायची आणि गावाबाहेर झोपड्या टाकून राहायचे, हे लहान मुलांनाही ठाऊक होते. एरवी शिमगा झाला, ऊन तापू लागले की साथ ओसरे आणि लोक घरी परतत. त्या वर्षी मात्र शिमग्याच्या तोंडावर उंदीर पडायला सुरुवात झाली, आणि पाडवा उलटला तरी थांबेना. जाणती माणसे म्हणत, उन्हात जगणारा प्लेग आम्ही पाहिलेला नाही.

कुंभारीच्या वाटेवर गुरुबसप्पा नावाच्या एका शेतकऱ्याचा माळ होता. आमच्या बोळातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी तिथे तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या केल्या, वर कडबा घातला. आमच्या पलीकडे विणकरांच्या झोपड्या होत्या. संध्याकाळी तिकडून तेलुगू गाणी ऐकू येत. मागे कोरडा ओढा होता. ओढ्याच्या पलीकडे एकच झोपडी मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती कशासाठी हे कोणी बोलून दाखवत नसे. मुलांना तिकडे खेळायला जायची बंदी होती.

बाकी माळावरचे दिवस, खरे सांगायचे तर, मजेत चालले होते. शाळा बंद. सोवळेओवळे निम्म्यावर आलेले. आण्णा कडुनिंबाखाली सोंगट्यांचा पट मांडून बसत, ते जेवायला हाक येईपर्यंत उठत नसत. बायका एकत्र बसून कुरडया घालत, शेवया करत. एवढे मोकळे ऊन त्यांना बोळात कधी मिळाले नव्हते. धनगरवाड्यातली केराबाई रोज सकाळी शेळीचे दूध घेऊन येई आणि आमचा थाट पाहून हसत सुटे.

"तुमी म्हनं कँपात ऱ्हायला आलाय," ती म्हणायची. "आमी जल्माचं हितंच हाय की. आमाला न्हाय कुनी कँप म्हनत."

या सगळ्या संसाराच्या मुख्य वहिनी होत्या. पाणी कोणी आधी भरायचे, चूल कोणत्या बाजूला पेटवायची, रात्री भजन किती वेळ चालायचे, हे त्या ठरवत आणि बाकीचे ऐकत. त्यांचा सर्वांत कडक नियम कपड्यांचा होता. गावातून आलेली कोणतीही चिंधी, वळकटी, कोट, टोपी, काहीही असो, दिवसभर तापल्या खडकावर उलटसुलट पडल्याशिवाय झोपडीत न्यायची नाही. त्यांचा मुलगा नंदू मिलमध्ये टाईमकीपर होता, रोज गावात जाऊन येई. त्याचे कपडे वाटेवर बाभळीला टांगलेले असत. तिथे बदलूनच त्याने आत यायचे. आण्णांचा नोकरीतला काळा कोट घरून कोणीतरी आणून दिला, तर वहिनींनी तो चुलीत घातला. आण्णा म्हणाले, "पंचवीस वर्षं मुलांना धाक घातला त्या कोटानं." वहिनी म्हणाल्या, "आता उंदरांना घालू दे."

आमच्या बोळातल्या राममंदिराचा पुजारी वेणीमाधवही माळावरच राहत होता. पण देवाची पूजा चुकवता येत नाही म्हणून तो रोज सकाळी चालत गावात जाई आणि उन्हे चढायच्या आत परते. वहिनी त्याला हद्दीवरच अडवत.

"वेणीमाधव, धोतर बदललं?"

"बदललं, काकू. आता कातडी तेवढी बदलायची राहिली."

"ती पण बदल, सांगून ठेवते. आणि जानवं पाण्यातून काढ."

म्युनिसिपालटीचा डॉक्टर टोचायला आला, तेव्हा लोक लपून बसले होते. वहिनींनी पहिला दंड पुढे केला, मग आण्णांचा आणि नंदूचा पुढे करायला लावला, आणि मग एकेकाला झोपडीतून ओढून काढले. सुनेला मात्र त्यांनी टोचून घेऊ दिले नाही. टोचले की बाईची कूस बंद होते, अशी एक बातमी त्या वेळी गावभर पसरली होती. बाकी कशालाही न भिणाऱ्या वहिनी त्या एका बातमीला भ्याल्या. त्याचे कारण सांगायला हवे.

सून प्रेमला. लग्नाला सहा-सात वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. अंगाने बारीक, बोलणे थोडे, पण हसू लागली की आवरत नसे. माळावर ती केराबाईच्या शेळ्यांना नावे देऊन हाका मारी. वहिनींचा तिच्यावर जीव होता. पण आण्णांच्या थोरल्या बहिणीने, दुधनीच्या आक्कांनी, नंदूसाठी दुसरी मुलगी पाहून ठेवली होती. नंदू एकुलता एक. अक्षय तृतीयेला येते, तेव्हा होय की नाही ते सांगा, असा त्यांचा निरोप आला होता. आण्णा बहिणीला कधी नाही म्हणाले नव्हते, आणि नंदू बापाला.

वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी सवतीच्या घरात वाढले. माझी आई पहिली होती. जेवायला बसताना ती कुठं बसायची माहीत आहे? कोठीच्या दाराशी. ते मी माझ्या घरात बघणार नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण मूल पाहिजे. मूल झालं नाही तर माझं कोण ऐकणार?"

रामनवमी जवळ आली. माळावर येऊन महिना उलटला होता. पहिली गंमत सरली होती, ऊन अंगावर येऊ लागले होते, आणि रामजन्म इथेच करू या अशी टूम निघाली. सगळ्यांना ती पसंत पडली. वेणीमाधव म्हणाला, देवाची तसबीर मांडू, केराबाईकडून एक टोपली आणू, तिचा पाळणा करू. बायकांनी लगेच सुंठ-खोबरे काढले.

वहिनी म्हणाल्या, "टोपली नको. देवळातला पाळणा आण."

आमच्या देवळात एक जुनी रीत होती. रामजन्माला पाळण्यात नारळ ठेवायचा, त्याला कुंची घालायची, बायकांनी दोरी ओढून पाळणा म्हणायचा. मग तो कुंची घातलेला नारळ, देवाच्या छोट्या गादीसकट, मूल हवे असलेल्या सुनेच्या ओटीत घालायचा. तिने तो हनुमान जयंतीपर्यंत उशाशी घेऊन निजायचे. असे केले की वर्षाच्या आत घरात खरा पाळणा हलतो, असा बोळातल्या बायकांचा अनुभव होता. वहिनींचा तर होताच. त्यांची मुले जगत नव्हती. त्या गादीवरचा नारळ ओटीत आला आणि नंदू झाला. प्रेमलाच्या ओटीतही तो दोनदा घातला गेला होता. वहिनी म्हणत, तिसऱ्यांदा देव नाही म्हणणार नाही.

वेणीमाधव म्हणाला, "काकू, पाडव्याच्या सुमाराला सभामंडपात दोन पडले होते."

"गाभाऱ्यात?"

"गाभाऱ्यात नाही."

"पाळणा कुठं असतो?"

"गाभाऱ्यामागच्या खोलीत. पेटीत. पण काकू, माझं धोतर चालत नाही आणि ती गादी चालते?"

"तू माणूस आहेस," वहिनी म्हणाल्या. "ती देवाची आहे."

आम्ही सगळे तिथेच होतो. कोणाला त्यात वावगे दिसले नाही. उलट देवाची वस्तू माळावर येणार म्हणून बरेच वाटले. शिकलेली माणसे होतो आम्ही, आणि प्लेगवर वर्तमानपत्रात येई ते सगळे वाचत होतो. पण देवळातली गादी आणि घरातली गादी यांत फरक नाही, असे म्हणायचे कोणाच्या तोंडी आले नाही.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधवने पाळणा आणला. गादी हातभर लांबीची, आत कापूस, वर लाल मखमल, कडेला जरीची किनार. वहिनींनी ती स्वतः दोन्ही हातांनी घेतली आणि नियमाप्रमाणे खडकाकडे निघाल्या. तिथे कुरडयांपाशी बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणाले, "अहो वहिनी, या उन्हात मखमल उडेल. देवाचा रंग जाईल." वहिनी थांबल्या. मखमलीवरून हात फिरवला. मग गादी खडकावर न टाकता त्यांनी कडुनिंबाच्या सावलीत, आण्णांच्या पटाशेजारी, पाटावर ठेवली. उलटीसुद्धा केली नाही. संध्याकाळी उचलून आत नेली.

रामनवमीला माळावर जत्रा भरल्यासारखे झाले. विणकरांची मंडळी आली, गुरुबसप्पा मुलाबाळांसह आले, केराबाई नवे लुगडे नेसून लांब उभी राहिली. वेणीमाधवने कीर्तन उभे केले. बरोबर माध्यान्हीला गुलाल उधळला आणि बायकांनी दोरी धरली. प्रेमला हिरवे लुगडे नेसून पाटावर बसली होती. वहिनींनी नारळ, कुंची आणि गादी तिच्या ओटीत घातली तेव्हा तिने मान वर करून नंदूकडे पाहिले आणि तिला हसू आवरेना. एक म्हातारी ओरडली, "अगं हसू नको, तोंडाळ कार्टं होईल!" सगळा मांडव हसला. मला त्या उन्हाळ्यातला तो शेवटचा हसण्याचा आवाज आठवतो.

नारळ रोज रात्री प्रेमलाच्या उशाशी होता. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी ती शेवया वळताना म्हणाली, थंडी वाजते. वैशाखाच्या तोंडावरच्या दुपारी, दगडावर पाय ठेववत नाही अशा वेळी. वहिनींच्या हातातली परात खाली पडली. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला, तिला आडोशाला नेले, आणि परत आल्या.

"जांघेत गाठ आहे," त्या म्हणाल्या. कोणी विचारले नव्हते.

मग त्यांनी ओढ्यापलीकडची झोपडी स्वतःच झाडून घेतली. प्रेमला चालत गेली. वहिनी तिच्यामागून घागर आणि घोंगडे घेऊन गेल्या. गादी, कुंची, नारळ आणि राहत्या झोपडीतली सगळी अंथरुणे त्यांनी जाण्याआधी पेटवून दिली. मखमल जळताना फार धूर झाला. वेणीमाधव तिकडे तोंड करून उभा होता. त्याला वहिनी जाता जाता म्हणाल्या, "तू आणलंस, पण सांगितलं मी. मनात ठेवू नकोस."

त्या दिवसापासून ओढ्याच्या काठावर एका दगडावर जेवण ठेवायचे, आम्ही मागे सरायचे, आणि वहिनींनी येऊन ते न्यायचे, असे चालले. डॉक्टर येऊन गेला. त्याने आम्हाला धीर दिला नाही. दोरी ओढलेल्या बायकांपैकी आणखी एकीला ताप आला, पण तिने टोचून घेतले होते, ती उठली. सोंगट्यांचा पट कोणी मांडला नाही. मुले आपोआप हळू बोलू लागली. रात्री पलीकडून प्रेमलाची बडबड ऐकू येई, कधी ती शेळ्यांना हाका मारी, कधी स्पष्ट म्हणे, "मला माहेरी धाडू नका." नंदू ओढ्याच्या अलीकडे बसून राही. पलीकडे यायचे नाही, असे आईने त्याला शपथ घालून सांगितले होते.

दुखण्याची बातमी दुधनीला पोचली आणि आक्का धावत आल्या. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. भाऊ माळावर, भाच्याच्या घरात प्लेग, अशा वेळी कोण येते? दिवे लागायच्या सुमाराला त्या छकड्यातून उतरल्या आणि तडक ओढ्याच्या काठी गेल्या. वहिनी पलीकडे झोपडीच्या दाराशी आल्या. मध्ये ओढ्याची रुंदी होती, त्यामुळे दोघी ओरडून बोलत होत्या, आणि सगळा माळ ऐकत होता.

"गोदे, कसं आहे गं पोरीचं?"

"उतार नाही, आक्का."

"अय्यो! डोळे उघडते का?"

"उघडते. ओळखते."

"हे बघ, आण्णाला आणि नंदूला मी उद्या दुधनीला नेते. इथं ठेवू नये."

"न्या. माझी ना नाही."

आक्कांचा आवाज जरा खाली आला, पण ऐकू येतच होता. "गोदे, वाईट वाटून घेऊ नकोस. माणसाच्या हातात नसतं. ती मंडळी अजून थांबली आहेत. पहिली असताना पोरगी द्यायला ते कांकूं करत होते. आता..."

"आक्का, तिला ऐकू जातंय."

"मी काय वाईट बोलले? उद्याचा विचार कुणीतरी करायला नको का?"

वहिनी दारातून दोन पावले पुढे आल्या. केस सुटलेले होते, लुगड्याला कसलेतरी डाग होते. त्या एरवीसारख्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. एकेक शब्द सावकाश, तरी सगळ्यांना पोचेल असा बोलल्या.

"मग तिला हेही ऐकू दे. ही उठली तरी माझी सून हीच, आणि गेली तरी हीच. नंदूच्या शेजारी दुसरी बसणार नाही. मी असेपर्यंत नाही आणि माझ्या मागंही नाही."

"वेडी झालीस का? आणि वंश?"

"वंशासाठीच तो पाळणा आणवला मी," वहिनी म्हणाल्या.

वहिनी वळून आत गेल्या. "ऐकलंस ना, प्रेमला?" एवढे आम्हाला ऐकू आले. तिने उत्तर दिले की नाही ते कळले नाही. नंदू आमच्यात उभा होता. त्याच्याकडे तेव्हा कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमला गेली.

त्यानंतर वळवाचा पाऊस पडून गेला, साथ थांबली, आम्ही घरी परतलो. वहिनी पूर्वीसारख्या बोलेनाशा झाल्या, पण घर सांभाळले. आपला शब्द त्यांनी मोडला नाही. आक्का दर वर्षी नवी मुलगी सुचवत; वहिनी त्यांना जेवू घालत आणि परत पाठवत. बोळात कुजबुज वाढली. म्हातारीने आपल्या पापासाठी मुलाला उपाशी ठेवले, असे लोक म्हणू लागले. हे अगदीच खोटे होते, असे मला म्हणवत नाही. नंदू तेव्हा तीसही उलटलेला नव्हता. शेवटच्या आजारात आण्णांनीसुद्धा नातवंडाची भाषा काढली. वहिनी त्यांचे पाय चेपत होत्या, त्या चेपत राहिल्या.

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. दिवसवार आटोपल्यावर मी नंदूकडे बसलो होतो. आक्का आता फार थकल्या आहेत, तरी त्यांनी निरोप धाडला होता की आता तरी पोराला मोकळे करा. मी तो त्याच्या कानावर घातला.

"काका," तो म्हणाला, "आईनं त्या दिवशी मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी होच म्हणालो असतो. पुढं चार-पाच वर्षांनी विचारलं असतं, तर कदाचित नसतो म्हणालो."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"एकदा बोललो. आण्णा गेल्यावर. म्हटलं, आई, मला त्या शब्दातून सोडव. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'मला सोडवता येत असतं तर कधीच सोडवलं असतं. शब्द मी तुला दिलेला नाही. जिला दिला, ती सोडवायला राहिली नाही.'"

"मग?"

"मग काय, काका. मिलचा भोंगा झाला. मी कामावर गेलो."